उलटा खिळा

सेबू, ९ जानेवारी १९९७

तियो कार्पिंग,

नमस्कार, तुमचा हात माझ्या कपाळाला, तिया बासिलिसांचाही. पत्र फोडल्याफोडल्या तुम्ही म्हणाल, "दोन वर्षांनी पुतणीला काकाची आठवण झाली, म्हणजे काम असणार." आहे. कामच आहे. सोबत ओटाप बिस्किटांचा डबा पाठवलाय, तो लाच म्हणून धरा.

तुमच्या माताबाओ बेटावर सहकारी मंडळींचा नवा बर्फखाना उभा राहिलाय ना, तो चालवणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं आहे. नाव 'येलो', म्हणजे आपला बर्फच. माणसाने कॉम्प्युटरवर बसून आज्ञा द्यायची, पंप, पंखे आणि कंप्रेसर येलो चालवणार. कोणती आज्ञा कधी द्यायची, हे सांगणारी माहितीपुस्तकं करणं हे माझं काम.

माहिती एकच, पण ती चार रूपांत लागते. एक छापील पुस्तक, एक ऑफिसात बघायची वेबपानं, एक कारखान्याच्या पडद्यावरची साधी अक्षरं, आणि चौथी म्हणजे वजनाच्या पावत्या निघतात ती अरुंद कागदाची गुंडाळी. आजवर चारही रूपांसाठी आम्ही वेगवेगळ्या माहित्या टाइप करत आलो. पुस्तक म्हणतं तिसरी झडप उघडा, गुंडाळी म्हणते चौथी. बेटावरच्या माणसाने ऐकायचं कुणाचं?

मी म्हटलं, मजकूर एकदाच लिहू. त्यात नुसत्या खुणा करू: हे शीर्षक, ही पायरी, हा तक्ता, ही सावधानतेची सूचना. मग प्रत्येक रूपासाठी एक छोटा प्रोग्राम. त्याला फॉर्मॅटर म्हणतात. तो खुणा बघून मजकूर आपल्या पद्धतीने मांडतो. हवा तो बसवा, नको तो काढा, मजकुराच्या केसालाही धक्का लागत नाही.

इंजिनीअर आबेलानोसा, म्हणजे आमचे साहेब, भर बैठकीत हसले. म्हणाले, "क्रिसांता, एकाच कापडातून नवरीचा झगा, पाद्र्याचा अंगरखा आणि कोळ्याची चड्डी शिवायला निघालीस की काय?" मीही बोलून गेले, "कापड एकच सर, शिंपी वेगवेगळे." झालं! हात दाखवून अवलक्षण. त्यांनी तिथल्या तिथे पैज लावली. ३ मे रोजी माताबाओचा बर्फखाना पहिल्यांदा सुरू होणार. सुरू करणारा माणूस असा हवा, ज्याने कॉम्प्युटरला कधी बोटही लावलेलं नाही. त्याने फक्त माझी माहिती वाचून कारखाना चालवायचा, आमचा कुणीही शिकवायला जाणार नाही. बर्फ निघाला तर येलो बसणार आहे त्या तीसच्या तीस बेटांवर माझी पद्धत. नाही निघाला तर आमचा विभाग बंद. मी, दादिंग आणि लोरेंग तिघीही घरी. पुस्तकं बाहेरून विकत आणणार.

तुम्ही इलोइलोच्या छापखान्यात एकतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेत. तुमच्यासारखी नजर मला या शहरात सापडायची नाही. सोबतची फ्लॉपी बर्फखान्याच्या कॉम्प्युटरात घालायला सांगा, गुंडाळी आपोआप छापून येईल. ती वाचा, आणि शिव्या घालायच्या तर आत्ताच घाला.

तुमची,
क्रिसांता


माताबाओ, २ फेब्रुवारी

इंदाय,

ओटाप पोचले. अर्धे जहाजातच पीठ झाले होते, ते तुझ्या तियाने गरम कोकोच्या सिकवातेत घालून संपवले.

गुंडाळी वाचली. पहिल्यांदा वाटलं, पोरीने नवीन काय शोधलंय? आमच्याकडे एकच बातमी वर्तमानपत्रात दोन रकान्यांत जायची, हातपत्रकावर जायची आणि चर्चच्या दाराला लावायला भिंतीएवढीही व्हायची. बातमी तीच. फोरमन कडेला खुणा करायचा आणि प्रत्येक जुळारी आपल्या मापाने लावायचा. तुझा फॉर्मॅटर म्हणजे आमचा जुळारीच की! फरक एवढाच, की तो तुबा पिऊन कामाला येत नाही.

आता शिव्या. तुझ्या गुंडाळीवर आकडे मधोमध तुटतात. एका ओळीत १२, खालच्या ओळीत ००. वाचणारा बारावर थांबला तर? आमच्या फोरमनने यासाठी माझ्या डोक्यात लाकडी ठोकळा घातला असता. तू लांब आहेस, नशीब समज.

माणूस निवडला गेला. सहकारी मंडळींनी हात वर करून निवडलं. नाव पत्रात लिहायचं नाही अशी त्या माणसाची अट आहे, आणि कारण विचारायची सोय नाही. हट्टी आहे, एवढंच सांगतो. गाढवाला लाजवेल. आणखी एक. तुझी अक्षरं फार बारीक. इथे एकाची नजर अधू आहे, त्याला तुझी गुंडाळी म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. काही करता येईल का?

तियो कार्पिंग


सेबू, २२ फेब्रुवारी

तियो,

आकडे आता तुटायचे नाहीत. गुंडाळीच्या फॉर्मॅटरला सांगितलं, आकडा मावत नसेल तर अख्खा खाली ने. पाच ओळींचं काम होतं, तुमच्या ठोकळ्याच्या धाकाने दोन ओळींत केलं!

आणि मोठ्या अक्षरांचं ऐका. तुमचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. जेवून बसले, आणि पाचला नवा फॉर्मॅटर तयार! मोठी अक्षरं, रुंद अंतर, पानावर जेमतेम तीन पायऱ्या. येलोचा मजकूर दीडशे पानांचा आहे, त्यातलं एक अक्षर मी पुन्हा टाइप केलं नाही. दादिंग वीस वर्षं टायपिस्ट आहे. तिने छपाईयंत्रातून पानं निघताना बघितली आणि छातीवर क्रूस काढला. म्हणाली, "माझ्या बोटांची हाडं झिजली, आणि हे असं होत होतं होय?" मला इतका आनंद झाला, तियो, की मी ऑफिसात नाचले. खरंच नाचले. साहेबांनी काचेतून बघितलं, बघू देत.

पुस्तक सोबत आहे. आता मला एक सांगा, "इथे एकाची नजर अधू" म्हणजे कुणाची? मी काय कुक्कुलं बाळ आहे? एकतीस वर्षं शिशाच्या खिळ्यांवर डोळे फोडलेत तुम्ही. तपासून घ्या. तियांना सांगते मी.

क्रिसांता


माताबाओ, १६ मार्च

क्रिसांता,

आज इंदाय लिहीत नाही. रागावलोय.

माझे डोळे ठणठणीत आहेत. पलीकडच्या बेटावरचा कोंबडा कुठल्या रंगाचा ते इथून सांगतो. आणि ते ठणठणीत आहेत म्हणून वाचलीस.

तुझं मोठ्या अक्षरांचं पुस्तक आलं. छापखान्यात आमची रीत होती. एकाने प्रूफ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. मनातल्या मनात वाचलं की डोळा जे हवं ते वाचतो. तुझी तिया तुझं पुस्तक वाचत होती, मी गुंडाळीवर बोट ठेवून होतो. बाविसावी पायरी झाली. तिया पुढे निघाली, तेविसावी, "कंप्रेसरला चालू आज्ञा द्या." माझं बोट तिथे नव्हतंच. गुंडाळीवर मध्ये लिहिलंय: "सावधान. आज्ञा देण्याआधी पाण्याचा पंप चालू असल्याचं पडद्यावर बघा. येलो हे आपणहून तपासत नाही." पुस्तकात हे नाही! कुठेच नाही. पान फाटलं नाही, जागा सुटली नाही. जणू कुणी लिहिलंच नव्हतं.

दोन दिवस बसून सगळं वाचलं. सात सूचना गायब. सातही सावधानतेच्या. पाण्यावाचून कंप्रेसर चालवला तर काय होतं ते इथल्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "नशीब चांगलं असेल तर नुसती मशीन जळते." अधू नजरेच्या माणसाच्या हातात तू हे पुस्तक दिलंस, पोरी. ज्याला सूचनेची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच पुस्तकातून सूचना गाळलीस.

कार्पिंग


सेबू, ३० मार्च, ईस्टर

तियो,

गुड फ्रायडेला मिरवणुकीत चालताना अख्ख्या वाटेवर मी रडले. लोकांना वाटलं, पोरगी फार धार्मिक आहे.

चूक माझी आहे, पुरती माझी. दुपारभरात फॉर्मॅटर केला ना, त्यात शीर्षक, पायरी आणि तक्ता घेतला. सावधानतेची खूण घ्यायची राहिली. आणि फॉर्मॅटरला मीच शिकवून ठेवलं होतं, की ओळखीची नसलेली खूण दिसली तर ती सोडून पुढे जा. त्याने इमानदारीत सोडलं. कुरकुर केली नाही, जागा ठेवली नाही. नाचत होते मी तेव्हा!

आता ती खूण घातली, सात सूचना आल्या. पण तियो, पुढच्या वेळचं काय? उद्या कुणी नवी खूण काढेल, परवा कुणी नवा फॉर्मॅटर करेल, आणि पुन्हा काहीतरी गुपचूप गळेल. प्रत्येक बेटावर एक तियो कार्पिंग कुठून आणू? माझ्या पद्धतीतच खोट आहे, असं वाटायला लागलंय. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी जाऊन सांगावं की मी हरले, असं मनात आहे. दादिंगला दोन मुलं शिकवायची आहेत, तिच्याकडे मला बघवत नाही.

तुम्ही रागावलात ते बरं केलंत. गोड बोलला असता तर मला सहन झालं नसतं.

क्रिसांता


माताबाओ, ८ एप्रिल

इंदाय,

रडणं पुरे. जहाज तासाभरात सुटतंय, म्हणून थोडक्यात.

निवडणुकीचा काळ असला की आमच्याकडे अक्षरं संपायची. एकाच उमेदवाराचं नाव शंभरदा लावायचं, खिळ्यांचा खण रिकामा. आता जुळाऱ्याने काय करायचं? अक्षर नाही म्हणून जागा मिटवून पुढे जायचं? तसं करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत. तेवढ्याच रुंदीचा दुसरा कुठलाही खिळा घ्यायचा आणि उलटा, डोकं खाली पाय वर, लावायचा. प्रूफावर तिथे खिळ्याच्या बुडाचा काळाकुट्ट ठिपका उमटायचा. आंधळ्यालाही दिसेल असा. वाचणारा ओरडायचा, "अरे, इथे काहीतरी राहिलंय!" ओरडावं म्हणूनच तो लावायचा.

नसलेलं अक्षर ही चूक नव्हे, पोरी. खण सगळ्यांचेच रिकामे होतात. लपवणं ही चूक. तुझ्या जुळाऱ्याला सांग: ओळखत नाहीस ते गाळायचं नाही, उलटं ठेवायचं.

आणि साहेबाला तूच सांग, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी. हरले म्हणून नको. काय चुकलं आणि काय केलं, दोन्ही सांग.

तियो


सेबू, १९ एप्रिल

तियो! तियो! तियो!

सुरुवातीला नमस्कार लिहायचा राहिला, त्याबद्दल तिया मला माफ करोत.

तुमचं पत्र वाचून मी सगळे फॉर्मॅटर उघडले. आता अनोळखी खूण आली की मजकूर अख्खा छापायचा, आणि त्याच्या वर-खाली जाड काळा पट्टा मारायचा. शेवटी हिशोब द्यायचा, मजकुराचे तुकडे किती आले आणि किती छापले. आकडे जुळले नाहीत तर पहिल्याच पानावर ओरडायचं. नव्या पुस्तकात सावधानतेच्या सूचना ओळखीच्या झाल्या, तरी त्यांचे काळे पट्टे मी तसेच ठेवलेत. शोभून दिसतात.

मग साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलंत तसंच, काय चुकलं ते आधी. ते खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "म्हणूनच सांगत होतो. माझी वेबपानं बघ, दोन वर्षं चालतायत, एक तक्रार नाही." ती पानं बनवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलाय, तियो, तोही आम्ही टाइप केलेल्या मजकुरातल्या खुणा वाचूनच चालतो. मी म्हटलं, "सर, त्यालाही हाच नियम लावून बघूया?" ते म्हणाले, "खुशाल."

अकरा ठिकाणी काळे पट्टे! दोन वर्षांत अकरा सूचना त्यांच्या पानांवरून गायब होत्या, आणि तक्रार नव्हती कारण कुणाला माहीतच नव्हतं! सगळं ऑफिस त्यांच्या खुर्चीमागे उभं. लोरेंगला हसू आवरेना, ती पाणी प्यायच्या निमित्ताने पळाली. साहेबांनी पानं वर-खाली फिरवली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "तीन मे ठरल्याप्रमाणे. मी स्वतः येतोय बघायला."

आता घोडं अडलंय एकाच ठिकाणी. जहाज उद्या सुटणार, ऑफिसचं छपाईयंत्र बिघडलंय आणि छापखाना ईस्टरनंतर उघडलाय तो गर्दीने भरलेला. मोठ्या अक्षरांचं नवं पुस्तक वेळेत निघत नाही. म्हणून काल बसून मोठी अक्षरं आणि गुंडाळी यांची गाठ मारली. सोबतच्या फ्लॉपीत नवा फॉर्मॅटर आहे, गुंडाळीवर मोठी अक्षरं काढतो. छापून बघा. लांबी मात्र विचारू नका.

त्या हट्टी गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. आणि तुमच्या डोळ्यांबद्दल मी आता काही बोलणार नाही.

क्रिसांता


माताबाओ, ६ मे

इंदाय क्रिसांता,

मी बासिलिसा. तुझ्या तियोला आज लिहू देत नाही, तो सांगताना स्वतःलाच मोठं करतो.

ते हट्टी गृहस्थ म्हणजे मी. अधू नजरही माझीच. डाव्या डोळ्यात जाळं आलंय. सहकारी मंडळी विचारत होती, कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नाही? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं सुकी मासळी विकली, मला कशाला लागतो कॉम्प्युटर? पण हसले मेले. एक म्हणाला, "तिया तर वजनकाट्यालाही शिव्या देते." मग मी हात वर केला. नाव लिहू दिलं नाही, कारण तू माझ्यासाठी म्हणून सोपं करून लिहिलं असतंस. मला फुकटची सूट नको होती.

तुझी गुंडाळी छापली. संपेचना! तियोने पावलांनी मोजली, एकोणीस पावलं. टेबलावर कशी मावणार? मग आम्ही ती बर्फखान्याच्या भिंतींवर दोरीला लटकवली, फिएस्ताच्या पताका लावतो तशी. मी भिंतीशी जायची, एक पायरी वाचायची, परत येऊन एका बोटाने टाइप करायची. अख्खा गाव दारात. पाद्रीबाबा आले होते. पुसोचा भात आणि बुलादची सुकी मासळी घेऊन लोक बसले होते, कोंबड्यांची झुंज असावी तसे. तुझे साहेब हात मागे बांधून कोपऱ्यात. चेहरा असा, जणू चिंच खाल्लीय.

बाविसावी पायरी झाली. पुढे तुझा काळा पट्टा. मी वाचलं, "पाण्याचा पंप चालू असल्याचं पडद्यावर बघा." पडद्यावर बघितलं तर पंप बंद! सकाळी मी स्वतः चालू केलेला. मी वळले. विचारलं, "कुणी बंद केला?" तुझे साहेब भिंतीवरच्या बटणापासून दोन हातांवर उभे होते आणि छताकडे बघत होते. मी म्हटलं, "ज्याने बंद केलाय त्यानेच चालू करावा. मला इथे काम आहे." साहेबांनी मुकाट्याने जाऊन बटण दाबलं. गाव असा हसला, असा हसला, की पाद्रीबाबांना बसावं लागलं.

मग मी आज्ञा दिली. कंप्रेसर धडधडला. जमीन हलली, इंदाय. मी दिलेल्या आज्ञेने. तियोने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला, पन्नाशीत सुचलं नाही ते सत्तरीत सुचलं.

बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. पहिली लादी माणसाच्या छातीएवढी उंच, आणि अशी स्वच्छ की पलीकडचा हात दिसावा. बायका रडल्या. आजवर दुपारपर्यंत न विकलेली मासळी आम्ही समुद्रात फेकत होतो. तुझ्या साहेबांनी एक तुकडा हातात धरला, तळवा लाल होईपर्यंत धरला. मग "हं" म्हणाले, गुंडाळीचा एक तुकडा फाडून खिशात घातला आणि बोटीत बसले. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. मी त्यांना फार बोलले का गं? तुझं काम माझ्या जिभेपायी गेलं तर मी ही जीभ कापून मांजराला घालीन. दोन रात्री झोप नाही. लवकर कळव.

तुझी तिया


सेबू, २० मे

तिया बासिलिसा,

तुमचे दोन्ही हात माझ्या कपाळाला. जीभ राहू द्या जागेवर, तिची इथे गरज आहे.

साहेब सोमवारी आले ते थेट आमच्या खोलीत. आम्ही तिघी उभ्या राहिलो. दादिंगने तर आपली पेनं आधीच पिशवीत भरली होती. साहेबांनी खिशातून गुंडाळीचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला, तो काळ्या पट्ट्याचा. म्हणाले, "पंप मी बंद केला होता. बाविसाव्या पायरीनंतरची सूचना चुकल्या असत्या, तर तिथेच थांबवणार होतो. नाही चुकल्या." मग म्हणाले, "तीस बेटं, क्रिसांता. आणि माझी वेबपानंही तूच कर." दादिंग लहान मुलासारखी किंचाळली. लोरेंगने साहेबांनाच मिठी मारली. मी काहीच केलं नाही, तिया. खाली बसले आणि पोटभर रडले, आणि या वेळी लाज वाटली नाही.

जिंकलो आपण! तियोंना मोठ्याने वाचून दाखवा हे, त्यांच्या रीतीप्रमाणे, बोट ठेवून.

आता पुढचं. उरलेल्या एकोणतीस बेटांवर शिकवायला कुणाला पाठवायचं, यावर बैठक झाली. इंजिनीअरांची नावं निघाली. साहेबांनी सगळी खोडली. म्हणाले, "ज्यांनी मला बटण दाबायला लावलं, त्या जातील." सोबतचा कागद म्हणजे तुमचं नेमणूकपत्र. वर हुद्दा लिहिलाय, मुख्य प्रशिक्षक. साहेबांनी स्वतः लिहिलंय, आणि मी ते मोठ्या अक्षरांत काढलंय, म्हणजे कुणाकडून वाचून घ्यायला नको.

मदतनीस म्हणून आणखी एक जागा मंजूर आहे, मोठ्याने वाचायला. त्या जागेवर मी तियोंचं नाव घातलंय. जहाज मंगळवारी सुटतं. दोघंही या. तिया, तुम्ही पुढे चला, सामान तियोंना उचलू दे.

तुमची,
क्रिसांता